बफ बुर्गिन्यों: रेड वाइनमध्ये तीन-चार तास शिजवलेलं बीफ, सगळ्या बारकाव्यांसकट

मी मूळचा नाशिकचा आणि गेली सहा वर्षं फ्रान्समध्ये दिजोंला राहतोय, म्हणजे द्राक्षांच्या गावातून द्राक्षांच्याच गावात आलो. दिजों ही बुर्गोन्य प्रांताची जुनी राजधानी, आणि रेड वाइनमध्ये शिजवलेलं बीफ म्हणजे बफ बुर्गिन्यों हा इथला घरगुती पदार्थ. हॉटेलात मिळतो, पण खरा तो रविवारी घरी होतो. थंडीत पाच वाजताच अंधार पडलेला असतो, जिन्यात कुणाच्या तरी घरातून वाइन आणि मांसाचा वास येत असतो, आणि तो वास आला की कळतं की आज त्या घरी माणसं जेवायला येणार आहेत.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी सगळ्यात महाग, सगळ्यात कमी चरबीचं मांस आणलं, भारी वाइन ओतली आणि आपल्याकडे मटण रटरटवतो तसं दोन तास रटरटवलं. चोथा झाला. रस पातळ, आंबट, आणि मांस दातात अडकणारं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना विचारलं तर त्यांनी वाइनबद्दल एक शब्द विचारला नाही, फक्त दोनच प्रश्न केले, कुठला भाग आणलास आणि किती उकळलास. ते दोन प्रश्न हेच सगळं आहे. मांस वाइनमुळे मऊ होत नाही, मसाल्यानेही नाही. बरोबर भाग आणि जेमतेम थरथरणारी आच, एवढ्यानेच होतं.

मांस कुठलं घ्यायचं

इथे दिजोंच्या मध्यावर लोखंडी खांबांचं जुनं मार्केट आहे (आयफेल टॉवरवाला गुस्ताव्ह आयफेल याच गावचा, जन्म १८३२), तिथल्या खाटकाकडे गेलं की मी पालरों मागतो. पालरों म्हणजे खांद्याच्या फऱ्याजवळचा भाग. आडवा कापला की मधोमध एक पांढरी, अर्धपारदर्शक पट्टी दिसते, नवीन माणूस ती बघून म्हणतो हे काढून द्या. अजिबात काढू नका! कच्ची असताना ती रबरासारखी लागते आणि तीन तासांनी तिचीच मऊ जेली होते, आणि रसाला जो अंगचा चिकटपणा येतो तो तिच्यामुळे. आपलं पाया सूप आठवा, पिताना ओठ एकमेकांना चिकटतात ना, तीच गोष्ट. त्या पट्टीत कोलॅजन असतं, ते साधारण ७० अंशांच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं, पण त्याला तास लागतात, मिनिटांत होत नाही.

म्हणून जो भाग जनावर चालताना, मान हलवताना जास्त वापरतं तोच घ्यायचा. खांदा, पायाच्या नळीवरची पोटरी, गाल. गाल मिळाला तर सोडू नका, मला स्वतःला तो सगळ्यात आवडतो, मी बरेचदा अर्धा पालरों आणि अर्धा गाल असं घेतो. इंग्लंड-अमेरिकेत असाल तर चक किंवा शिन मागा, जर्मनीत शुल्टर किंवा वाडे. सुपरमार्केटमध्ये 'स्ट्यूसाठी' म्हणून बारीक तुकड्यांचं पाकीट असतं त्यात कुठकुठले भाग एकत्र केलेले असतात, एक तुकडा शिजतो तोवर दुसरा कोरडा होतो, त्यामुळे अख्खा तुकडा घेऊन घरी कापलेला बरा. फिले, सरलॉइन वगैरे इथे फुकट जातात, त्यांच्यात विरघळायला काही नसतंच.

भारतातल्यांसाठी एक सांगतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, तिथे जे बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं. चालतं, नक्की चालतं, पण त्यात चरबी कमी आणि जनावर बहुतेक वेळा वयाचं, त्यामुळे पायाचाच भाग मागा आणि वेळ एक तास जास्त धरा. बीफ खातच नसाल तर बोकडाचा खांदा आणि नळ्या घेऊन हीच रीत वापरा, वेळ दोन-अडीच तास, रस तितकाच सुंदर होतो.

वाइन

बुर्गोन्यची रेड वाइन म्हणजे पिनो न्वार. दिजोंपासून दक्षिणेला द्राक्षमळ्यांची जी उताराची पट्टी सुरू होते तिथली बाटली आज इतकी महाग आहे की ती पातेल्यात ओतायला हात धजत नाही, आणि गरजही नाही. इथली माणसं साधी बुर्गोन्य रूज ओततात, किंवा पासतूग्रँ, ज्यात पिनोबरोबर गामे नावाचं द्राक्ष असतं. गंमत बघा, याच गामेला १३९५ मध्ये बुर्गोन्यच्या ड्यूकने फर्मान काढून मळ्यांतून उपटून टाकायला लावलं होतं, तरी ते दक्षिणेला बोजोलेत आजही जोरात पिकतं आणि पातेल्यात फार छान वागतं कारण त्यात तुरटपणा कमी असतो. हीच पारख ठेवा. तुरटपणा म्हणजे टॅनिन, वाइन आटली की तो पण घट्ट होतो, त्यामुळे ओक लाकडात मुरवलेली, जीभ आखडवणारी जड वाइन नको. भारतात नाशिककडची किंवा अकलूजची साधी, ओकमध्ये न ठेवलेली रेड घ्या. ग्लासात घेऊन एक घोट प्या, नुसती पिण्याजोगी लागली तर ती पातेल्यात चालेल. गोड पोर्ट वाइन मात्र नको, रसाचा पाक होतो. आणि दुकानात 'कुकिंग वाइन' म्हणून जे मिळतं त्यात मीठ असतं, ते तर नकोच.

अल्कोहोलबद्दल स्पष्ट बोलतो, कारण घरी लहान मुलं असतात, काही पाहुणे अजिबात घेत नाहीत. शिजवल्यावर सगळं उडून जातं असं सर्रास सांगतात ते खरं नाही. अडीच तास शिजवल्यावरही मूळ अल्कोहोलपैकी साधारण ५ टक्के उरतं असं मानतात. फार थोडं आहे, पण जो घेत नाही त्याला आधी सांगायला हवं.

सामान, सहा जणांसाठी

दीड किलो मांस, वाइनची एक अख्खी बाटली म्हणजे ७५० मिली, साधारण ४०० मिली बिनमिठाचा स्टॉक म्हणजे हाडं उकळून गाळलेलं पाणी (नसेल तर साधं पाणी चालेल, स्टॉकची तयार क्यूब टाकलात तर अर्धीच, कारण आटल्यावर खारट होतं), जाड बेकन १५० ग्रॅम, दोन कांदे, दोन मोठी गाजरं, लसूण चार पाकळ्या, टोमॅटो प्युरी म्हणजे घट्ट पेस्ट एक मोठा चमचा, मैदा दोन चमचे. वरून घालायला वीस-पंचवीस छोटे कांदे, सांबारात घालतो ते, आणि २५० ग्रॅम बटण मश्रूम. बटर, थोडं तेल, मीठ, मिरी. डुक्कर खात नसाल तर बेकन सोडा आणि बटर वाढवा, धुरकट चव जाईल पण पदार्थ उभा राहतो.

सुगंधासाठी थाइमच्या तीन-चार काड्या, पार्सलीचे देठ आणि बे लीफची दोन पानं, एकत्र दोऱ्याने बांधून. इथे बरेच जण चुकतात. आपलं तमालपत्र आणि युरोपातलं बे लीफ ही दोन वेगळी झाडं आहेत. पान हातात धरून बघा, तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा असतात, बे लीफला मधोमध एकच. तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, ते घातलंत तर रसाला बिर्याणीचा वास येतो. बे लीफ नसेल तर काहीच घालू नका. आणि हात आवरा हं, आलं नाही, गरम मसाला नाही, एक लवंग पण नाही.

आदल्या रात्री

मांसाचे दोन इंचाचे चौकोनी तुकडे करा, लहान नको, शिजताना आकसतात. दीड चमचा मीठ चोळून ताटात पसरा आणि उघडंच फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर वाइनमध्ये भिजवायची पद्धत आहे, इथे कितीतरी घरांत तसंच करतात, मी पण दोन वर्षं केलं. आता नाही करत. वाइन मांसात जेमतेम काही मिलिमीटर जाते आणि ओला तुकडा तव्यावर लाल होतच नाही, पाणी सोडत बसतो. मीठ मात्र आत जातं आणि वरचा भाग कोरडा राहतो, तो कोरडेपणा उद्या कामाला येतो.

भाजणं, इथे घाई केली की संपलं

भांडं जाड बुडाचं हवं. इथे इनॅमल चढवलेली बिडाची कोकोत असते, जड झाकणाची. जाड स्टीलचं पातेलं पण चालतं. आतून मुलामा नसलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं नको, वाइन आंबट असते, ती धातूला लागते आणि चव बिघडते, आणि नुसत्या बिडाच्या कढईचंही तेच.

आधी बेकनचे तुकडे थंड भांड्यात टाकून मग गॅस लावा, म्हणजे चरबी हळूहळू सुटते. कुरकुरीत झाले की काढून ठेवा. त्या चरबीत चमचाभर तेल घाला आणि मांस भाजायला घ्या, पण तुकडे कागदाने पुसून, आणि एका वेळी सहा-सातच. गर्दी केली की भांड्याचा ताव उतरतो आणि मांस स्वतःच्याच पाण्यात शिजायला लागतं. कानाने कळतं हे. चुर्रर्र असा सलग आवाज यायला हवा, तो बसून फसफस ऐकू आली की समजा पाणी सुटलंय, दोन तुकडे बाहेर काढा. टाकल्यावर तीन-चार मिनिटं हलवू नका. आपल्याला सवय असते सारखं परतायची, इथे झारा खाली ठेवून उभं राहायचं. तुकडा लाल झाला की आपणहून तळ सोडतो, चिकटून बसला असेल तर अजून वेळ आहे. निदान दोन बाजू खरपूस झाल्या पाहिजेत, अक्रोडाच्या सालीच्या रंगाच्या. दीड किलोला मला पाऊण तास लागतो आणि तो पाऊण तास जो देईल त्याचाच रस गडद होतो.

तळाला जी तपकिरी खरवड धरते ती म्हणजे सोनं आहे, ती सांभाळायची. पण मध्येच काळी व्हायला लागली तर लगेच अर्धी वाटी पाणी टाकून खरवडून ते पाणी वाटीत काढून चाखा. कडू नसेल तर ठेवा आणि नंतर रसात घाला, कडू असेल तर फेकून द्या आणि भांडं पुसून पुढे जा. जळकी चव नंतर कशानेही जात नाही.

मांस काढलं की त्याच भांड्यात चिरलेला कांदा आणि गाजराचे जाड तुकडे, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. मग लसूण, मग टोमॅटोची पेस्ट, ती विटकरी होईपर्यंत परता. मैदा भुरभुरून दोन मिनिटं. शेजारच्या गॅसवर एव्हाना वाइन उकळत ठेवलेली असावी, उघड्या पातेल्यात, साधारण अर्धी होईपर्यंत, त्याने कच्चा दारूचा भपका जातो. ती आता ओता आणि लाकडी उलथन्याने तळाची सगळी खरवड सोडवून घ्या. मांस, त्याच्या ताटात साठलेला रस, बेकन, बांधलेली जुडी, आणि स्टॉक इतकाच की तुकड्यांची डोकी जराशी वर दिसतील. बुडवू नका, मांस पण पाणी सोडतं.

थरथर

एक उकळी आली की झाकण लावून १४० ते १५० अंशांच्या ओव्हनमध्ये. फ्रेंचमध्ये या आचेला एक शब्द आहे, फ्रेमीर, म्हणजे थरथरणं. रस उकळता कामा नये, नुसता थरथरला पाहिजे. अर्ध्या तासाने झाकण उघडून बघा, कडेला एक-दोन सेकंदांनी एखादा बुडबुडा आला तर बरोबर, सगळीकडून बुडबुडे येत असतील तर ओव्हन १० अंश उतरवा. प्रत्येक ओव्हन वेगळा असतो, माझा आकड्यापेक्षा जास्त तापतो म्हणून मी १३५ वर ठेवतो.

ओव्हन नसेल तर सगळ्यात लहान शेगडी, सगळ्यात बारीक आच, आणि पातेल्याखाली जाड लोखंडी तवा, बिर्याणीला दम देताना ठेवतो तसा. पातेलं आणि झाकण यांच्यामध्ये बेकिंगचा कागद ठेवलात तर वाफ कमी जाते. तासातासाने तळ हलवून बघा, गॅसवर मैदा खाली बसून लागू शकतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दीड तासाने चाखलंत तर मांस सुरुवातीपेक्षा कडक लागेल आणि वाटेल की बिघडलं. बिघडलेलं नाही. तोपर्यंत मांसाचे धागे आवळून पाणी सोडून बसलेले असतात आणि कोलॅजन अजून विरघळायचं असतं, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ हीच. इथेच माणसं आच वाढवतात आणि चोथा करतात. काही करू नका, झाकण लावा. अडीच तासांनंतर बदल सुरू होतो, तीन-साडेतीन तासांत होतं. काटा खुपसून हलकेच पिळायचा, तुकडा दोन फाळ्यांत अलगद सुटायला आला पण अजून आकार धरून आहे, तिथे थांबायचं. अजून ठेवलं तर खिमा होतो.

कुकर? विचारणार हे माहीत आहे मला. होतं, पाऊण तासात मांस मऊ होतं, पण कुकरमध्ये आत १२० अंशांच्या आसपास तापतं, धागे जास्त पिळले जातात आणि रस आटत नाही. वापरायचाच असेल तर स्टॉक निम्मा घ्या, गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जाऊ द्या आणि नंतर रस वेगळा आटवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी ठीक आहे, पाहुण्यांसाठी नको.

कांदे आणि मश्रूम वेगळेच

हे आधीपासून पातेल्यात टाकले तर गळून जातात. छोटे कांदे मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून काढले की साल चिमटीत सुटते. मग लहान कढईत बटर, चिमूटभर साखर, मीठ, अर्धे बुडतील इतकं पाणी, मंद आचेवर पाणी संपेपर्यंत, आणि शेवटी कढई हलवत राहायचं म्हणजे तपकिरी चकाकी चढते. मश्रूम मोठ्या आचेवर, आधी मीठ न घालता, पाणी सुटून आटून मग कडा लाल होईपर्यंत. दोन्ही वाढायच्या आधी अर्धा तास पातेल्यात.

एक रात्र मुरू द्या

शक्य असेल तर शनिवारी करा आणि रविवारी वाढा. शिजल्यावर अख्खं पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात उभं करा म्हणजे दोन तासांच्या आत निवेल, मग फ्रीजमध्ये. सकाळी झाकण उघडलं की वर नारिंगी चरबीचा थर गोठलेला असतो, तो चमच्याने सबंध निघतो, आणि खालचा रस पातेलं हलवलं तरी हलत नाही, जेलीसारखा थरथरतो. ते बघून कळतं की मांसाचा भाग बरोबर निवडला होता. मंद आचेवर पाऊण तास गरम करा, मांस अलगद काढून ठेवा, रस गाळा आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली की ती रेघ तशीच राहील इतपत आटवा. मीठ आता, शेवटी. आंबट वाटला तर चिमूट साखर, तुरट किंवा कडवट वाटला तर गॅस बंद करून बटरचा एक गार तुकडा ढवळून विरघळवा.

बरोबर उकडलेले बटाटे, वर पार्सली. मॅश केलेले पण छान, रुंद नूडल्सही. भात मी देत नाही, तो रस पिऊन टाकतो आणि ताटात रस दिसायला हवा. ब्रेड मात्र भरपूर ठेवा, शेवटी सगळे ताट पुसून खातात.

रस उरला तर टाकायचा नाही. बुर्गोन्यमध्ये त्याच चवीचा अफ आं म्युरेत नावाचा पदार्थ आहे, वाइनच्या रसात अंडी. सोमवारी रात्री उरलेला रस पातळ करून गरम करायचा, ब्रेडची स्लाइस भाजून त्यावर लसणाची कापलेली पाकळी घासायची, पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं त्यावर ठेवायचं आणि वरून तो काळसर लाल रस. काट्याने टोचलं की पिवळा बलक त्या रसात उतरतो. आमच्याकडे दोन माणसांना चार अंडी लागतात.